बोटीत वहाणा काढायच्या कुठे?



संयोजकांनी विषय आमच्यावरच सोपवला, हा त्यांचा मोठेपणा. इतिहासाचा मास्तर म्हटला की तो यावलच्या किल्ल्यावर बोलणार, नाहीतर फैजपूरच्या काँग्रेसवर, असं आपण धरूनच चालता. किल्ल्यावर पुढच्या खेपेला बोलू. फैजपूरला आजही जाऊन येणार आहोत, पण जरा वेगळ्या वाटेनं. आजचा विषय आहे पायातल्या वहाणा. त्यातही, समुद्राच्या प्रवासाला निघताना कोणत्या न्याव्यात, एवढाच.

हसू नका. हा प्रश्न आमचा नाही, आमच्या गल्लीतल्या जिजींचा आहे. जिजींचं वय सत्तरच्या घरात. आयुष्य केळीच्या बागेत गेलं. मुलगा पुण्याला. त्यानं गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या घराचं मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलं. सुनेनं फोनवर यादी पाठवली: डेकवर फिरायला एक जोड, रात्रीच्या जेवणाला एक, बेटावर उतरून हिंडायला एक आणि पाण्यात घालायला एक. जिजींच्या आयुष्यात एका वेळी चार जोड कधीच नव्हते. त्या फोन घेऊन आमच्याकडे आल्या, यादी आमच्याकडून वाचून घेतली, आणि म्हणाल्या, “मास्तर, चार काय, नेईन मी. पण बोटीत वाहना काढाच्या कुठी?”

आम्ही तेव्हा हसलो. रात्री मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. सुनेचा प्रश्न होता, काय घालायचं. सासूचा प्रश्न होता, कुठे काढायचं. हे दोन प्रश्न दोन वेगळ्या इतिहासांतून आलेले आहेत, आणि ते दोन्ही इतिहास आपल्या तापीच्या काठानं गेलेले आहेत.

यावलहून समुद्र दिसत नाही, हे खरं. पण तापी आपल्या तालुक्याची दक्षिण शिव धरून जाते ती सुरतेपाशी समुद्राला मिळते. मोगलाईत सुरत हे मोठं बंदर आणि बऱ्हाणपूर हे खानदेश सुभ्याचं मुख्य ठिकाण. या दोघांच्या मधली वाट खानदेशातून होती. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो १६१५ मध्ये सुरतेला उतरला आणि नंदुरबारच्या बाजूनं बऱ्हाणपूरला गेला. बऱ्हाणपूर म्हणजे आपल्या रावेरच्या पलीकडचं. रोच्या सोबत काही काळ एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. त्यानं इथल्या लोकांच्या पायांकडे नीट बघितलेलं आहे. लोक सपातेसारखे जोडे अनवाणी पायात सरकवतात, आणि घरात शिरताना दाराशी काढून ठेवून सतरंजीवर, गालिच्यावर बसतात, असं तो लिहितो.

टेरीला ही गंमत वाटली असेल. पण त्यात एक मोठी गोष्ट आहे बघा. आपलं पायताण काढण्यासाठी बनलेलं आहे. आपली वहाण वाकावं न लागता पायाच्या एका झटक्यानं सुटली पाहिजे, कारण दिवसातून ती वीस वेळा काढायची असते. घर, देऊळ, मशीद, खळं, स्वयंपाकघर, थोरामोठ्यांची बैठक. आमच्या आजोबांच्या जोड्याची टाच तर कायम दुमडलेलीच असायची. युरोपातला बूट उलट. नाडी, बक्कल, घोट्यापर्यंत चामडं. सकाळी बांधला की रात्री सोडायचा. तिकडे थंडी आणि चिखल, तर इकडे उन्हाळा आणि शेणानं सारवलेली जमीन. दोन्ही शहाणपणाचेच, आपापल्या जागी.

भांडण सुरू झालं ते जागा एक झाल्यावर. इंग्रजांचं राज्य आलं. इंग्रज अधिकारी कचेरीत खुर्चीवर बूट घालून बसलेला, आणि समोर येणाऱ्या देशी माणसानं मात्र जोडे बाहेर काढून यावं, अशी रीत पडली. आपल्याकडे जोडे काढणं हा आदर होताच. साहेबानं तो आदर उचलला आणि त्याची सक्ती केली. १८५४ च्या एका सरकारी ठरावापासून यात एक विचित्र फाटा फुटला. युरोपीय घडणीचे बूट असतील तर ते चढवूनच सरकारी समारंभाला येता येईल, देशी जोडे असतील तर दाराशी काढायचे. म्हणजे माणूस तोच, पाय तेच, पण चांभारगल्लीतला जोडा असला तर अनवाणी आणि विलायती बूट असला तर सन्मान.

१८६२ मध्ये यावरून सुरतेच्या न्यायालयात वाद पेटला. माणेकजी कावसजी एंटी नावाच्या पारशी गृहस्थांनी तिथे जोडे काढायला नकार दिला. इतिहासाच्या पुस्तकांत या सगळ्या प्रकरणाला ‘बुटांचा मोठा प्रश्न’ असंच नाव पडलेलं आहे. म्हणून सांगतो, शिकलेल्या मराठी माणसाच्या पायात बूट आला तो आरामासाठी आलेला नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे बूट म्हणजे शिक्षाच. तो आला, कारण बूट असेल तर दाराशी थांबावं लागत नव्हतं.

आणि ज्यांना आपल्या गावच्या गल्लीतच दाराशी थांबवलेलं होतं, त्यांचं काय? अनेक गावांत अस्पृश्य मानलेल्या माणसाला वरच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. रापी आणि आरी चालवून जोडा शिवणारा चर्मकार, तोच जोडा घालून गावातून ताठ चालू शकत नव्हता. साहेबाच्या दारातल्या अपमानावर वर्तमानपत्रांत रकाने भरले. या अपमानावर फार उशिरा लिहिलं गेलं. हे बोलल्याशिवाय पुढे जाणं आम्हाला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

बायकांचंही तेच. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ बोटीनं निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. वय अठरा. डॉक्टर होणाऱ्या पहिल्या भारतीय बायकांपैकी एक म्हणून त्यांना आपण सगळे ओळखतो. पण बोटीत चढण्याआधीची एक गोष्ट फार सांगितली जात नाही. आनंदीबाई आणि काशीबाई कानिटकर या बूट घालून, छत्री घेऊन रस्त्यानं चालल्या, म्हणून त्यांच्यावर दगड भिरकावले गेले, अशी नोंद आहे. बूट आणि छत्री ही पुरुषांची मिरास. पुढे याच काशीबाईंनी आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं. अमेरिकेच्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून आनंदीबाईंनी साडी गुजराती पद्धतीनं नेसायला सुरुवात केली, तर त्यावरही नवऱ्याची नाराजी ओढवली. प्रवासाला काय घालायचं, हा प्रश्न त्या मुलीसाठी सोयीचा नव्हताच. एकेका कपड्याचा जाब द्यायचा होता.

आता दोन बोटी सांगतो. किंबहुना तीन. तिन्ही मुंबईहून सुटलेल्या.

पहिली, ४ सप्टेंबर १८८८, ‘क्लाइड’. तिच्यावर अठरा वर्षांचा काठेवाडी पोरगा, मोहनदास गांधी. प्रवासात त्यानं काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट खास उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला. साउथॅम्प्टनला उतरला तो सप्टेंबरच्या अखेरीस, आणि सगळ्या धक्क्यावर पांढऱ्या कपड्यातला हा एकटाच. बरं, बदलावं तर सामान आणि किल्ल्या एजंटाच्या ताब्यात दिलेल्या. त्यात शनिवार. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे सोमवारपर्यंत त्याच पांढऱ्या अवतारात. ही गोष्ट त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवली आहे. क्रूझला जाणाऱ्यांनी ती जरूर लक्षात घ्यावी. आजसुद्धा बोटीवर चढताना मोठ्या बॅगा आधी घेतात आणि तुमच्या केबिनपाशी पोचायला कधी कधी संध्याकाळ होते. तोपर्यंत जे अंगावर आणि पायात आहे तेच.

दुसरी आणि तिसरी बोट १९३१ च्या ऑगस्टमधल्या. दोघं प्रवासी एकाच कामासाठी, लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी निघाले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १५ ऑगस्टला ‘मुलतान’ बोटीनं गेले. त्याच्या आदल्याच दिवशी मुंबईत मणिभवनात त्यांची आणि गांधीजींची ती गाजलेली, कडू भेट झाली होती. गांधीजी २९ ऑगस्टला ‘राजपुताना’ बोटीनं गेले. या खेपेला पंचा, शाल आणि पायात चप्पल. सोबतच्या मंडळींनी भरमसाट सामान घेतलंय हे बोटीत लक्षात आल्यावर त्यांनी जास्तीचं सामान एडनहून परत पाठवायला लावलं. त्याच चपलांनी ते लंडनची थंडी हिंडले आणि राजवाड्यात पंचम जॉर्जसमोर गेले.

चप्पल हा त्यांचा जुना विषय. दक्षिण आफ्रिकेत ते चपला शिवायला शिकले होते, तुरुंगात शिवलेला एक जोड त्यांनी १९१४ मध्ये जनरल स्मट्सना, म्हणजे ज्यांनी तुरुंगात टाकलं त्यांनाच, भेट म्हणून दिला. स्मट्सनी तो वर्षानुवर्षं वापरला.

गांधीजींच्या चपलांचं कौतुक सगळेच करतात, आम्हीही करतो. पण बाबासाहेबांच्या पॉलिश केलेल्या बुटांकडे तितक्याच आदरानं बघायला हवं, असं आमचं मत आहे. त्यासाठी लंडनला जायचं कारण नाही, आपल्या जिल्ह्यातल्या चाळीसगावला चला. साल १९२९. सरकारनं अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब धुळ्याच्या बाजूला आले होते. परतताना चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी आग्रह केला म्हणून थांबले. स्टेशनवरून वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना, कारण महाराला टांग्यात बसवलं तर त्याचा हलकेपणा. शेवटी टांगा मिळाला तो हाकणाऱ्याशिवाय. वस्तीतल्याच एकानं लगाम धरला, त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकून बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. पाय मोडला. बरेच दिवस हिंडता येत नव्हतं. कोलंबियात शिकलेला, लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस, आणि आपल्या जिल्ह्यात त्याला चालत्या टांग्याचा हक्क नव्हता.

त्यानंतर दोन वर्षांनी तोच पाय ‘मुलतान’वर चढला. एकानं बूट सोडले, कारण त्याला ते सोडता येण्यासारखे होते. दुसऱ्यानं बूट घट्ट बांधले, कारण त्याच्या माणसांना पिढ्यानपिढ्या वहाणा हातात घ्यायला लावलं होतं. दोघांचंही पायताण विचारपूर्वक निवडलेलं होतं. आम्ही वर्गात मुलांना विचारतो की यातलं बरोबर कुणाचं, आणि दरवर्षी वर्गात भांडण होतं. होऊ देतो.

यावर एक जोडपुस्ती. त्या काळी विलायतेच्या बोटी मुंबईला बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला लागत. १९१२ पासून पेशावरची ‘पंजाब लिमिटेड’ तिथूनच सुटायची आणि भुसावळवरून जायची. आज आपण जिला पंजाब मेल म्हणतो ती. म्हणजे विलायतेहून आलेले बूट मुंबई सोडल्यावर काही तासांतच भुसावळच्या फलाटावर पाय मोकळे करत असतील. आपण समुद्रापासून वाटतो तितके लांब कधीच नव्हतो.

आता अशा प्रवासाबद्दल बोलू, जो आपल्या गावांतल्या कित्येक घरांनी खरोखर केलेला आहे: हजचा. विमानं सर्रास होण्याआधी यात्रेकरू मुंबईला जायचे, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरायचे आणि मोगल लाइनच्या बोटीनं जेद्द्याला जायचे. जाताना समुद्रावरच आठ-दहा दिवस. ही बोटीची वाट १९९५ मध्ये बंद झाली.  आणि मंडळी, बोटीवर कोणती पायताणं न्यायची याचा सगळ्यात काटेकोर विचार कोणी केला असेल तर तो या यात्रेकरूंनी.

कारण असं, की जाताना यलमलमची हद्द समोर आली की बोटीचा भोंगा वाजायचा. तिथून एहराम. पुरुषाला शिवलेला कपडा नाही, मोजा नाही, आणि पाय झाकणारा बूटही नाही. घोटा आणि पावलाचा वरचा भाग उघडा राहील असंच पायताण हवं. बायकांना हे बंधन नाही. म्हणजे पुरुषाला एकच जोड असा हवा की जो ओल्या डेकवर चालेल, धर्माच्या नियमात बसेल, तापलेल्या वाळूत आणि डांबरावर तळपाय वाचवेल, मैलोन्‌मैल चालवेल, आणि मशिदीच्या दाराशी पटकन सुटेल. एका जोडीकडून इतक्या अपेक्षा सुनेच्या यादीनंसुद्धा केल्या नव्हत्या. आधी चामडी चपला असत, पुढे रबराच्या हवाई चपलेनं हा प्रश्न बराचसा सोडवला. तिची घडण जपानी झोरीवरून आलेली. एक अडचण उरलीच: लाखोंच्या गर्दीत दाराशी काढलेली चप्पल परत मिळायची कशी? तर हाजी लोक कापडाची एक छोटी पिशवी शिवून नेत. चप्पल काढली की पिशवीत, पिशवी काखेत. जिजींच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर आम्हाला इथे मिळालं.

पंढरीच्या वाटेचंही ज्ञान आपल्याकडे आहे. कोथळी-मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी महिन्याहून अधिक काळ चालून पंढरपूरला पोचते. तिच्यासोबत गेलेल्या कोणालाही विचारा, तो पहिलं वाक्य हेच म्हणेल की नवी चप्पल घालून निघू नका. क्रूझच्या जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

आता फैजपूर. आम्ही म्हणालो होतो येऊ म्हणून. डिसेंबर १९३६. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, आपल्या तालुक्यात. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, बांबू-कुडाची सगळी सजावट नंदलाल बोस यांची, राबणाऱ्यांत धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी. मुंबईहून ज्योत घेऊन धावणाऱ्यांनी ती टप्प्याटप्प्यानं इथवर आणली. ग्रामोद्योगांचं प्रदर्शन गांधीजींच्या हस्ते उघडलं. १९३४ मध्ये वर्ध्याला स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानं हाती घेतलेल्या धंद्यांत चामडं कमावणंही होतं. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकर मेलेल्या जनावराचं चामडं कमावण्याचं काम करत होते. ब्राह्मण माणसानं चर्मालय चालवणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. विचार असा की खेड्यातलं चामडं खेड्यात कमवावं, खेड्यात शिवावं, आणि त्या धंद्याला चिकटवलेला विटाळ पुसला जावा.

पण इतिहास फार खट्याळ असतो. त्याच १९३६ साली कलकत्त्याजवळच्या बाटानगरातून एक साधा पांढरा कॅनव्हासचा बूट निघाला, असं बाटा कंपनी सांगते. ‘बाटा टेनिस’. शाळेच्या कवायतीला आपण सगळ्यांनी घातलेला, खडूनं पांढरा केलेला तो. खेड्याच्या पायात शेवटी गेला तो हा आणि रबराची चप्पल. ग्रामोद्योगाचं जोडं मागे राहिलं. याचं वाईट वाटतं. पण वस्तीतल्या पोराला शाळेत सगळ्यांसारखाच बूट मिळाला, याचं वाईट वाटत नाही.

हा कॅनव्हासचा बूट मुळात समुद्राच्या घरचा आहे. इंग्लंडात रबरी तळाच्या कापडी बुटाला ‘प्लिमसोल’ म्हणतात. सॅम्युअल प्लिमसोल हा तिथला खासदार. बोटीत वाजवीपेक्षा जास्त माल भरून मालक खलाशांना बुडवत, म्हणून त्यानं भांडून १८७६ चा कायदा करून घेतला. त्या कायद्यामुळे बोटीच्या अंगावर भाराची रेषा आली: पाणी या रेषेच्या वर येता कामा नये. बुटाच्या कडेनं जाणारी रबराची पट्टी तशीच दिसते. पाणी पट्टीच्या वर गेलं की पाय भिजला. खलाशांच्या जिवासाठी भांडलेल्या माणसाचं नाव बुटाला, ही आम्हाला फार गोड गोष्ट वाटते.

पुढे १९३५ मध्ये अमेरिकेत पॉल स्पेरी नावाच्या होडीवाल्यानं आणखी एक पाऊल टाकलं. ओल्या डेकवरून तो स्वतः घसरून पडलेला होता. आपला कुत्रा बर्फावरून न घसरता पळतो कसा, म्हणून त्यानं त्याचा तळपाय उलटा करून बघितला, तर बारीक बारीक चिरा. त्यानं रबराच्या तळाला तशाच नागमोडी चिरा पाडल्या. ओल्या फरशीवर पाणी त्या चिरांतून बाजूला सरतं आणि रबर जमिनीला धरून राहतं. डेकवरचा बूट म्हणतात तो हा.

एवढं वाचून झाल्यावर आम्ही जिजींची यादी परत हातात घेतली, आणि चाराचे दोन केले. सून नाराज झाली नाही, हे आधी सांगतो.

पहिला जोड बंद, गडद रंगाचा, कापडी बूट. तळ रबराचा, बारीक चिरांचा. दुकानात आम्ही तो उलटा करून नखानं चिरा चाचपल्या, दुकानदार बघत राहिला. घेतला संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि प्रवासात तर जास्तच. सकाळी मापात बसलेला बूट रात्री चावतो. गडद एवढ्यासाठी की रात्रीच्या जेवणाला नऊवारीखाली तोच चालतो, कोणी वाकून बघत नाही. दुसरा जोड मागे पट्टा असलेला रबरी सँडल. लक्षद्वीपला मोठी बोट बेटाला लागत नाही, बाहेर उभी राहते, आणि छोट्या होडीतून किनाऱ्याला न्यावं लागतं. त्या चढउतारात हवाई चप्पल पायातून निसटली की माणूस तिच्याकडे बघतो आणि तोल जातो. पाण्यात पोवळ्याचे खडे धारदार असतात, तिथेही हाच सँडल.

कोल्हापुरी न्यायची जिजींची फार इच्छा होती. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये तशीच चप्पल मूळ नाव न सांगता मिरवली गेली, तेव्हा केवढा गदारोळ झाला, आपण वाचलंच असेल. चप्पल अभिमानाची, यात वाद नाही. पण तिचा तळ चामड्याचा. ओल्या डेकवर तो साबणासारखा सरकतो, आणि समुद्राचं खारं पाणी त्या कमावलेल्या चामड्याला मारतं. म्हणून तिला घरीच ठेवायला सांगितलं, तेलाचा हात देऊन.

मग तीन आठवडे जिजी रोज नवा बूट घालून मळ्यात जाऊन यायच्या. गल्लीतली पोरं हसायची. पहिल्या आठवड्यात करंगळीला फोड आला, तो घरी आला म्हणून बरं. घरच्या मोरीत पाणी ओतून दोन्ही जोडांची परीक्षाही घेतली. बोटीत चढायच्या दिवशी बूट पायात आणि सँडल हातातल्या पिशवीत, असं बजावून सांगितलं. साउथॅम्प्टनच्या पांढऱ्या सुटाची गोष्टही सांगितली. त्यांना ती फार आवडली.

राहिला काढायचा प्रश्न. परत आल्यावर जिजींनी सविस्तर सांगितलं. बोटीच्या बाहेरच्या दारांना उंबरठा असतो, आणि चांगला उंच. डेकवरचं पाणी आत येऊ नये म्हणून तो केलेला. जिजी पहिल्या दिवशी उंबरठा बघून सवयीनं थांबल्या आणि बूट सोडायला वाकल्या. मागे रांग लागली. नातीनं दंड धरून पलीकडे नेलं. जेवणाच्या हॉलात सगळे बूट घालून जेवताना बघून त्यांना पहिले दोन घास गेले नाहीत, मग गेले.

केबिनमध्ये मात्र त्यांनी आपला नियम लावला. दाराच्या आत वर्तमानपत्राचा कागद अंथरला आणि सगळ्यांना तिथेच बूट काढायला लावले. मुलगा, सून, नातवंडं, सगळे. केबिन साफ करायला येणारा पोरगा रत्नागिरीकडचा होता. त्यानं पहिल्या दिवशी कागद कचरा समजून उचलला. दुसऱ्या दिवशी विचारलं, “आजी, हा ठेवायचा का?” तिसऱ्या दिवसापासून तोच नवा कागद अंथरून जायला लागला, आणि जाताना आपले बूट बाहेर काढून आत यायला लागला. जिजींनी त्याला केळ्याचे वेफर दिले. घरूनच नेले होते.

बास. आमचं एवढंच होतं. प्रश्न असतील तर विचारा. फक्त लवकर, कारण आमच्या वहाणा त्या दाराशी आहेत, आणि सभागृहातून आपली नेमकी वहाण घेऊन घरी जाणं हा अजून न सुटलेला प्रश्न आहे.